आधी कागद, मग भाव

डोंबिवली पूर्वेचं आईचं घर आम्ही विकलं त्याला आता वर्ष होत आलं. दुसरा मजला, लिफ्ट नाही, हॉल, बेडरूम, स्वयंपाकघर आणि रस्त्याच्या बाजूला एक खुर्ची मावेल एवढी बाल्कनी. बाबांनी ते १९८८ साली थेट बिल्डरकडून घेतलं होतं. बाबा २०२१मध्ये गेले. पुढे आईच्या गुडघ्यांना जिना झेपेना म्हणून ती माझ्याकडे ठाण्याला आली आणि घराला कुलूप लागलं. बंद घराचा मेंटेनन्स भरायचा, मालमत्ता कर भरायचा आणि दर पावसाळ्यानंतर भिंतींचे पोपडे झाडायचे, असं किती दिवस चालणार? शेवटी आईनंच विषय काढला. "विकून टाकू. पण मातीमोल नको, आणि घेणाऱ्याला फसवूनही नको." पुढचे सगळे निर्णय आम्ही तिच्या या दोन अटींवर घासून घेतले.

मी बँकेतून निवृत्त झालेली. नोकरीतली बरीच वर्षं गृहकर्ज विभागात गेली. टेबलापलीकडे बसून मी इतरांच्या घरांचे कागद तपासत असे. भाव ठरलाय, टोकन दिलंय, मुलांच्या शाळेची चौकशीही झालीय, आणि एका कागदापायी व्यवहार अडकलाय, अशी कितीतरी कुटुंबं मी पाहिली आहेत. घेणारा आणि विकणारा, दोघंही तेव्हा हवालदिल होतात. आईच्या बाबतीत तसं होऊ द्यायचं नाही, एवढं मी मनाशी पक्कं केलं होतं.

घर विकायचंय ही बातमी वॉचमनपासून कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यापर्यंत पोचली आणि माझा फोन वाजू लागला. "मॅडम, पार्टी रेडी आहे, टोकन टाकायला तयार आहे, फक्त चावी द्या." घर न बघता, इमारत किती जुनी हे न विचारता फोनवरच भाव सांगितला जायचा. एकाचा भाव दुसऱ्यापेक्षा सात-आठ लाखांनी जास्त. आकडा ऐकून कुणालाही बरंच वाटेल. पण चढा भाव सांगण्यामागचा हिशेब मला बँकेतल्या दिवसांपासून माहीत होता. ज्याचा आकडा मोठा त्याच्या हाती मालक चावी देतो. मग काही आठवडे कुणी फिरकत नाही. नंतर फोन येतो, "मार्केट थंड आहे, जरा खाली या." तोवर घर सगळ्यांच्या पाहण्यातलं झालेलं असतं. इतके दिवस पडून आहे म्हणजे काहीतरी भानगड असणार, अशी शंका गिऱ्हाइकाला येते आणि मालकाला रास्त भावाच्याही खाली उतरावं लागतं.

दुसरा घोळ चाव्यांचा. 'सगळ्यांना सांगून ठेवा, जो आणेल त्याला दलाली' ही आपल्याकडची सर्रास पद्धत. आमच्याच शेजारच्या इमारतीतला एक फ्लॅट ऑनलाइन जाहिरातींत तीन एजंटांनी तीन वेगवेगळ्या भावांना लावलेला मी पाहिला. घेणारा अर्थातच सगळ्यांत कमी आकडा धरून बोलणी सुरू करणार. शिवाय बंद घराची चावी कुणाकुणाच्या खिशात फिरतेय याचा पत्ता नाही.

आईच्या भजनी मंडळातल्या मैत्रिणीनं टिळकनगरच्या एका एजंटबाईंचं नाव सुचवलं. आम्ही त्यांना घरीच बोलावलं. त्यांनी सगळ्या खोल्या फिरून पाहिल्या, नळ सोडून पाहिले, बाल्कनीत उभं राहून ऊन कुठून येतं ते विचारलं. मग जेवणाच्या टेबलाशी बसल्या. आईनं भावाचं विचारलं तेव्हा म्हणाल्या, "काकू, भाव मी आज नाही सांगत. आधी फाइल दाखवता का?" एजंट म्हणून यांनाच नेमायचं, हे माझ्या मनानं तिथंच घेतलं.

बाबांची फाइल म्हणजे निळ्या रेक्झिनचं फोल्डर. आत हिरवट लेजर पेपरवर टाइप केलेला करारनामा, पानापानाच्या तळाशी आई-बाबांची आणि बिल्डरची सही, वर नोंदणी कार्यालयाचे फिकटलेले जांभळे शिक्के. बिल्डरला दिलेल्या प्रत्येक हप्त्याची पावती टाचणीनं लावलेली. टाचण्या गंजून कागदावर तपकिरी डाग पडलेले, पण एकही पावती गहाळ नाही. नोंदणीची मूळ पावतीसुद्धा होती. ती हरवली असती तर पोलिसांकडे तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, दुय्यम निबंधकांकडून प्रमाणित नक्कल, हे सगळं मागे लागलं असतं. बाईंनी एकेक कागद बघून टेबलावर तीन गठ्ठे लावले. "हे आहे. हे मागवायचं. आणि हे करायचं."

'करायचं' या गठ्ठ्यात एकच विषय होता, बाबांचा हिस्सा. घर दोघांच्या नावावर होतं. सोसायटीत बाबांची नॉमिनी आई होती आणि शेअर सर्टिफिकेटवर तिच्या नावाची नोंदही झाली होती. अनेकांना वाटतं की इथं काम संपलं. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटीनं व्यवहार कुणाशी करायचा एवढंच नॉमिनेशननं ठरतं, मालकी वारसांकडे जाते. बाबांच्या निम्म्या हिश्श्यात आई, दादा आणि मी असे तिघं वारस होतो. एक तर विक्रीच्या करारावर तिघांनी सह्या करायच्या, नाहीतर आम्ही दोघांनी आईच्या नावे हक्कसोडपत्र नोंदवायचं. आम्ही दुसरा मार्ग धरला. घर तिचं, तर पैसाही सरळ तिच्याच खात्यात यायला हवा, हे दादाचं आणि माझं एकमत होतं. दादा बंगळुरूहून आला, आम्ही दोघांनी नोंदणी कार्यालयात सह्या केल्या, अंगठे दिले. घेणारा समोर यायच्या आधीच हे उरकलं, म्हणून पुढं कसली घाई झाली नाही.

'मागवायचं' या गठ्ठ्यात भोगवटा प्रमाणपत्राची (ओसी) प्रत, इंडेक्स टूचा उतारा, सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला आणि इमारतीच्या स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल होता. इमारत ३० वर्षांहून जुनी असली की बँका ती आणखी किती वर्षं टिकेल हे पाहतात आणि त्यावर कर्जाची मुदत ठरवतात. डोंबिवलीत तर कागदांची धास्ती आणखी जास्त. बनावट बांधकाम परवानग्यांच्या जोरावर महारेराची नोंदणी मिळवलेल्या ६५ बेकायदा इमारतींचं प्रकरण इथं घरोघरी चर्चेत होतं. २०२४च्या नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्या इमारती पाडण्याचा आदेश दिला. आयुष्यभराची पुंजी घालून घेतलेलं घर बेकायदा ठरतं म्हणजे काय, हे इथल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे जुन्या इमारतीतलं घर घ्यायला येणाराही आधी विचारतो, 'ओसी आहे ना?' त्याचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तर कागदावरच मिळायला हवं.

बाईंची महारेराकडे एजंट म्हणून नोंदणी होती. कायद्यानं ती नोंदणी महारेरात नोंदलेल्या प्रकल्पांतली घरं विकण्यासाठी लागते. आमच्यासारख्या जुन्या इमारतीतल्या पुनर्विक्रीसाठी ती सक्तीची नव्हती. तरीही मी प्रत्येकाला नोंदणी क्रमांक विचारत होते. आता त्या नोंदणीसाठी प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यावी लागते, म्हणजे माणसानं निदान नियम तरी वाचलेले असतात. आणि क्रमांक विचारल्यावर कोण लगेच सांगतो आणि कोण विषय बदलतो, यावरूनही पुष्कळ कळतं.

अटी आम्ही कागदावर लिहिल्या. ठराविक मुदतीपुरतं काम फक्त त्यांच्याकडे. त्या मुदतीत इतर एजंटांनी गिऱ्हाईक आणलं तर त्यांनी आपसात दलाली वाटून घ्यायची, आमच्यावर दुहेरी बोजा नाही. दलाली किती टक्के ते आकड्यात लिहिलं. ती टोकनच्या दिवशी द्यायची नाही, नोंदणी झाल्यावर द्यायची. चावी त्यांच्या एकट्यांकडे, आणि घर दाखवताना त्या स्वतः हजर. जाहिरातीत भाव एकच. या अटी ऐकून काही एजंटांनी आधी नकार दिला होता. बाईंनी वाचून सही केली आणि स्वतःची एक अट घातली: "घराबद्दल जे विचारीन ते खरं सांगायचं. मला नंतर पार्टीसमोर खाली बघायला लागता कामा नये."

मग त्यांनी टेप काढली. बाबांच्या करारात ५६० चौरस फूट बिल्टअप लिहिलं होतं. भिंतीच्या आतून मोजलं तर कार्पेट ४६५ भरलं. काही एजंट त्याच घराला 'सहाशेचा वन बीएचके' म्हणून मोकळे झाले होते. बाईंनी जाहिरातीत ४६५ कार्पेट लिहिलं आणि चौरस मीटरमध्ये ४३.२ हेही लिहिलं, कारण नोंदणीच्या कागदांत चौरस मीटर चालतात. आकडा लहान दिसतोय असं दादा म्हणाला. त्यावर त्यांचं उत्तर सरळ होतं. बँकेचा माणूस मूल्यांकनाला येतो तेव्हा तोही टेपच लावतो. तेव्हा कमी भरण्यापेक्षा आधीच खरं सांगितलेलं बरं.

घराची तयारी त्यानंतर सुरू झाली. सगळ्यांत मोठा प्रश्न बेडरूमच्या भिंतीचा. वरच्या घराच्या बाथरूममधून पाणी झिरपत होतं आणि छताजवळ हातभर लांब ओल पसरली होती. रंग फुगलेला, नखानं टोकरलं तर ओला चुना हाताला लागे. याआधी घर पाहून गेलेल्या एका एजंटानं तिथं पीव्हीसीचं पॅनेल ठोकायचा सल्ला दिला होता. "एका दिवसात काम, मॅडम, भिंत एकदम नवी दिसेल." बाई भिंतीला तळवा लावून क्षणभर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आधी वरच्यांशी बोलू." आम्ही वरच्या कुटुंबाला भेटलो, सोसायटीच्या सेक्रेटरींना बरोबर घेतलं. वरच्यांच्या बाथरूमची फरशी काढून वॉटरप्रूफिंग झालं, आमच्या बाजूचं प्लॅस्टर खरवडून भिंत पूर्ण वाळू दिली. कामाची बिलं फाइलला लावली. रंग सगळ्यांत शेवटी दिला. यात दिवस गेले, खर्चाचा वाटाही उचलावा लागला. पण जे कुटुंब पुढं त्या खोलीत झोपणार, त्यांच्या पहिल्याच पावसाळ्यात ती ओल वर आली असती. आईची दुसरी अट इथंच पाळायची होती.

बाकी खर्चाला बाईंनी लगाम घातला. नव्या टाइल्स नकोत, मॉड्युलर किचन तर नकोच. जुन्या घराचा घेणारा आपल्या आवडीनं सगळं करून घेतो, आपण केलेलं तो उखडतो आणि त्याचे पैसे भावात मिळत नाहीत. करायचं ते एवढंच: गळके नळ, सैल झालेले स्विच, न लागणारी खिडकी, दाराची कुरकुरणारी बिजागरी. सगळीकडे एकसारखा फिका रंग. बंद घराला येणारा डांबराच्या गोळ्यांचा आणि दमट कपाटांचा वास घालवायला खिडक्या रोज उघड्या ठेवायच्या. बाल्कनीच्या ग्रिलला लटकलेल्या कुंड्या, तारा, जुने दोर काढायचे, म्हणजे उजेड आत येतो.

माळा रिकामा करणं हे सगळ्यात जड काम होतं. तांब्या-पितळेची भांडी, दादाच्या पाळण्याचं सामान, बाबांचे दिवाळी अंकांचे गठ्ठे, माझ्या लग्नातला रुखवताचा डबा. आई खुर्चीत बसून एकेक वस्तू हातात घ्यायची. घाई करायची नाही, हे आम्ही आधीच ठरवलं होतं. मोठी घागर मावशीकडे गेली, परात माझ्याकडे आली, पुस्तकं वाचणाऱ्यांच्या घरी पोचली. गोदरेजचं कपाट खालच्या घरातल्या नवविवाहित जोडप्यानं नेलं. देव्हारा आईबरोबर आधीच ठाण्याला आला होता. भिंतीवर त्याच्या जागी राहिलेला चौकोनी डाग रंगात गेला. घर रिकामं झाल्यावर खोल्या खरोखरीच मोठ्या वाटू लागल्या. येणाऱ्याला आपला पलंग कुठं लावायचा ते दिसायला जागा लागते, असं बाई म्हणायच्या, आणि ते पटलं.

भाव ठरवायला त्यांनी ऑनलाइन जाहिराती पाहिल्याच नाहीत. जाहिरातीतला भाव म्हणजे मालकाची इच्छा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे, त्यात नोंदलेल्या व्यवहारांचे इंडेक्स टू पाहता येतात. आमच्याच गल्लीतल्या, साधारण त्याच वयाच्या इमारतींमधले अलीकडचे व्यवहार आम्ही काढले. लिफ्ट असलेले वेगळे, नसलेले वेगळे. शेजारी सरकारी बाजारमूल्य दर मांडला. कुठं भाव बरा मिळाला आणि का, हे बाईंना ठाऊक होतं, कारण त्यातले काही व्यवहार त्यांनीच केले होते. निघालेला आकडा फोनवरच्या आकड्यांपेक्षा कमी होता, पण आईच्या मनातल्या आकड्यापेक्षा जास्त. बोलणीसाठी त्यावर थोडी जागा ठेवली आणि तोच भाव जाहीर केला.

घर दाखवायची वेळ सकाळची, बेडरूममध्ये ऊन येतं तेव्हाची. लिफ्ट नाही आणि पाणी ठराविक वेळेलाच येतं, हे बाई फोनवरच सांगत. त्यामुळे गर्दी झाली नाही. आले ते जिना चढू शकणारे आणि स्टेशन गाठण्याची घाई असलेले. सोसायटीत पुनर्विकासाची कुजबुज होती. दुसऱ्या कुणी ती मोठ्या तोंडानं विकली असती. बाईंनी सेक्रेटरींना विचारलं, सर्वसाधारण सभेत ठराव झालाय का? झाला नव्हता. "मग आपण बोलायचं नाही. कुणी विचारलं तर ठराव झालेला नाही एवढंच सांगायचं."

एका गिऱ्हाइकानं काही रक्कम रोख देऊ केली, करारात भाव कमी दाखवायचा असं म्हणाला. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेतलेल्या रकमेएवढा दंड होऊ शकतो, हा नियम २०१५पासून आहे. आम्ही विचारही केला नाही. बाईंनी त्याला पुन्हा आणलं नाही.

शेवटी घर घेतलं ते एका तरुण दांपत्यानं. दोघंही मुंबईला नोकरीला, रोज सकाळची लोकल पकडणारे. त्यांनी ओलीबद्दल विचारलं तेव्हा आम्ही फाइलमधली बिलं दाखवली आणि वरच्या कुटुंबाशी भेट घालून दिली. त्यांच्या बँकेच्या वकिलानं ३० वर्षांचा शोध घेतला, हक्कसोडपत्र वाचलं आणि एकही शेरा मारला नाही. गृहकर्ज विभागात इतकी वर्षं काढलेल्या माझ्यासाठी याहून मोठी पावती नाही. घर बायकोच्या नावावर घेतल्यानं त्यांना मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळाली. ती सुचवली बाईंनीच. सोसायटीच्या हस्तांतरण प्रीमियमला महापालिका क्षेत्रात २५ हजारांची कमाल मर्यादा आहे, याची आठवणही त्यांनी सेक्रेटरींना नम्रपणे करून दिली.

नोंदणीच्या दिवशी बाईंनी सकाळची पहिली वेळ घेतली होती, आईला ताटकळावं लागू नये म्हणून. पूर्ण रक्कम आईच्या खात्यात जमा झाल्यावरच आम्ही ताबा दिला. त्याच दिवशी वीज मीटरच्या रीडिंगचा फोटो काढला, महावितरणचा नाव बदलाचा अर्ज भरला, ताबा पावतीवर दोन्हीकडच्या सह्या झाल्या. दलालीचा चेक बाईंना आईनं स्वतःच्या हातानं दिला. भांडवली नफ्यावरच्या कराचा हिशेब आम्ही सीएंकडून आधीच करून घेतला होता. २००१पूर्वी घेतलेल्या घरासाठी १ एप्रिल २००१चं मूल्य धरता येतं, त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल घेतला. पैसा कुठं ठेवायचा, हे आईनं ठरवलं. आम्ही फक्त फॉर्म भरले.

आता ओळखीतले लोक मला त्या बाईंचा नंबर मागतात. मी देते, पण आधी विचारते, तुमच्या आईवडिलांची फाइल कुठं आहे? घर विकायचा विचारही नसेल, तरी या रविवारी ती काढून बसा. करारनामा, नोंदणीची पावती, शेअर सर्टिफिकेट, नॉमिनेशन, इच्छापत्र. जे नाही ते आईवडील समोर बसलेले असतानाच विचारून घ्या, कारण कुठला कागद कुठं ठेवला हे त्यांनाच माहीत असतं. एजंट पुढंही मिळेल. चांगला एजंटही तुमच्याकडे पहिल्यांदा हेच मागणार आहे.